फळीवरची नऊ भांडी

मे १९७३, दुसरा आठवडा, मंगळवार ते शुक्रवार. मुक्काम खर्ड्याजवळ, अक्काच्या गावी. हजर: अक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, मी, आणि तिच्यासाठी रोज दोन हंडे पाणी आणणाऱ्या समोरच्या घरच्या मामी. गैरहजर: दाजी. ते देवळाली प्रवरेकडे साखर कारखान्यावर कामाला होते, महिन्यातून एकदा यायचे.

तेव्हाच्या माझ्या वहीत हे असंच लिहिलेलं आहे. नात्यात कुणाची बदली झाली, कुणी नवा संसार थाटला की घर लावायला मला बोलवत. मी नुसतं सामान लावत नसे. त्या बाईची उंची, तिचा कामाचा हात, सकाळी उठल्यावर ती आधी काय करते, हे सगळं विचारायची आणि मग कुठला डबा कुठे ते ठरवायची. या गोष्टीचा मला फार अभिमान होता.

अक्काचं नगरच्या इस्पितळात पोटाचं ऑपरेशन झालं होतं. वाकायचं नाही आणि जड उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि तिचं घर म्हणजे सगळं जमिनीवर. चूल खाली, पाटा खाली, पिठाचा डबा बाजेखाली. तिने पोस्टकार्ड धाडलं, ‘उभ्यानं काम करता येईल असं घर लावून दे. न्हाईतर हे मला कारखान्यावरच्या खोलीत नेत्याल.’ तिला गाव सोडायचं नव्हतं.

पहिल्या दोन दिवसांत विटा रचून चूल कमरेइतकी वर घेतली. मामी माती कालवायला आल्या.

“उभ्यानं भाकरी थापायची म्हंजी आता निजायचं बी उभ्यानंच का?” त्या म्हणाल्या.

अक्का पोटाला हात धरून हसली. “हसवू नका वो, टाकं दुखत्यात.”

बुधवारी संध्याकाळी भिंतीतल्या फळ्या घेतल्या. छातीइतक्या उंचीची एकच फळी होती, आणि नेमकी ती भरलेली. दोन पितळी डबे, तीन पातेली, चार वाडगे. प्रत्येकावर नाव कोरलेलं आणि एकही नाव आमच्या घरातलं नाही.

“ही कुणाची गं?”

“शेजारची. इस्पितळातनं आल्यापास्नं कालवण-भाकरी देत्यात, त्याची. ती फळी राहू दी. ती मी बघते.”

मला वाटलं, दमली आहे म्हणून म्हणते.

गुरुवारी सकाळी ती दवाखान्यात गेली. मी नऊही भांडी राखेने लख्ख घासली, नावं वाचली आणि तासाभरात सात घरी पोचवली. वहीत त्या ओळीवर काट मारली. मामींनी दारातच डबा घेतला, झाकण काढून आत पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि झाकण परत लावलं.

“एवढी काय घाई हुती?”

“घर लावतेय ना, मामी. फळी मोकळी करायची होती.”

“लावा की. आमचा डबा काय तुमचं धान्य खात हुता?”

मी ते थट्टेवारी नेलं आणि हसत पुढच्या दाराशी गेले.

अक्का दुपारी आली. फळीवर मी तिचे तिखट-मीठ-हळदीचे डबे ओळीने मांडले होते. ती बघतच राहिली.

“भांडी कुठंयत?”

“पोचवली सगळी. ज्याची त्याला.”

“काय घालून?”

“काय घालून म्हणजे? घासून-पुसून दिली.”

ती बाजेवर बसली. “रिकामी नेलीस? सातीच्या साती घरी?” मग हळूच म्हणाली, “भांडण झाल्यावर करत्यात तसं केलंस बाई तू.”

आलेलं भांडं रिकामं परत करत नाहीत, निदान चिमूटभर साखर तरी घालतात, हे आईच्या घरी मीही पाहिलेलं होतं. नगरला आमच्या आळीत सगळे नोकरीवाले, तिथे वाटी धुऊन दिली की झालं. तिथल्या पंधरा वर्षांत मी ते विसरले होते. बहात्तरपासूनच्या त्या दुष्काळात अक्काकडे रेशनच्या लाल मिलोखेरीज, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीखेरीज, घालण्यासारखं काही नव्हतं. म्हणून ती भांडी साठली होती. पाऊस झाला, हाताशी काही आलं की एकेक भरून द्यायचं, असं तिने मनाशी धरलं होतं. मी नगरहून नेलेली किलोभर साखर त्याच फळीवर, ‘साखर’ अशी चिठ्ठी चिकटवलेल्या डब्यात होती.

“मी आत्ता साखर घेऊन जाते,” मी म्हटलं.

“साखर नगं. नुसती जा आन् सांग, मला इचारल्याबिगर तू केलंस म्हणून. माज्या तोंडून त्यास्नी खरं वाटायचं न्हाई.”

मी हो म्हटलं. शुक्रवारी सकाळी सामान बांधताना दोनदा उंबऱ्यापर्यंत गेले. ऊन चढलं होतं, एस.टी.ची वेळ झाली होती, आणि खरं सांगायचं तर सात दारांत उभं राहून स्वतःची चूक सांगायची मला लाज वाटली. पुढल्या खेपेला सांगते, असं अक्काला सांगून मी निघाले.

त्यानंतर कालवण यायचं बंद झालं. त्यांना वाटलं, हिला आता आमचं नको. मामी पाणी आणायच्या, पण हंडा बाहेरच ठेवून जायच्या. चार दिवस अक्काने पाहिलं आणि मग त्यांना सांगितलं, नका आणू. स्वतः कळशी घेऊन टँकरला जाऊ लागली. महिन्याभरात दुखणं उलटलं. दाजी आले, घराला कुलूप लावलं आणि तिला कारखान्यावरच्या खोलीत घेऊन गेले. कमरेइतक्या उंच चुलीवर तिने जेमतेम महिनाभर भाकरी केली.

अक्काने मला याबद्दल कधी दोष दिला नाही. खोलीवर भेटायला गेले की गावाकडची खबर विचारते. माझ्याकडे सांगण्यासारखी खबर नसते, कारण मी तिकडे गेलेलीच नाही.

दर वर्षी नवी वही सुरू करताना जुन्या वहीतली राहिलेली कामं पुढे उतरवून घेते. त्यांत हे एक असतंच: सात घरी जाऊन सांगणे. त्या घरांतल्या दोघी बायका आता नाहीत, म्हणून यंदा पाच घरं लिहिली आहेत. मामींचं पहिलं. समोर तारीख अजून घातलेली नाही.