तिकोण्याच्या रानात अर्धी दशमी

उशिरा लिहितोय, माफ करा. तिकोण्याहून येऊन महिना झाला, पण मी सातवीत शाळा सोडलेला माणूस, मोबाइलवर एका बोटाने लिहितो. त्यात हे सगळं सांगावं की नाही, तेच ठरत नव्हतं.

माझी मुलगी वैशाली टीव्हीसाठी एक स्पर्धा करते. सहा जणांनी आठ दिवस रानात राहायचं. जवळ फक्त कोयता, काडेपेटी आणि एक भांडं. रानात मिळेल तेवढंच खायचं. सगळी जुळवाजुळव तिची आणि कॅमेऱ्यापुढे बोलणारीही तीच. "बाबा, एकदा येऊन बघा तरी," म्हणाली. साप, विंचू, बिबट्या सगळे डोळ्यांपुढे आणत मी बारामतीहून निघालो. हिने वाटेसाठी दशम्या बांधून दिल्या.

पुण्याहून लोणावळ्याची गाडी धरा आणि कामशेतला उतरा. पवनानगरची जीप भरल्याशिवाय सुटत नाही, त्यामुळे तासभर हाताशी ठेवा. तिथून गडाखालच्या तिकोणा पेठ गावाला रिक्षा मिळते, भाडं आधी ठरवा. मी विसरलो आणि वाटभर तीच काळजी केली. पवना धरणाचं पाणी धड पाहिलंही नाही.

टीव्हीवाल्यांच्या मुक्कामावर गावातल्या शेवंतामावशी रांधायला होत्या. त्यांचं पिठलं खाऊन जीव जरा थाऱ्यावर आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी घेऊन फिरायला गेलो, तर ओढ्याकाठी एक मुलगी चूल फुंकत बसलेली. नसरीन, नवलाख उंबरे गावची. कंपनीतून बिनपगारी रजा टाकून स्पर्धेत आलेली.

"काय शिजवतेस?"

"टाकळा, आबा. पार निबर झालाय, चावतच नाही. तीन दिवस हेच चाललंय."

समोर उपाशी माणूस आणि माझ्या पिशवीत दशम्या. मला राहवलं नाही. एक काढून दिली.

"आबा, हे खेळातलंच आहे ना?"

"खा तू," एवढंच म्हणालो.

झाडाला बांधलेला कॅमेरा मला दिसला नव्हता. अर्ध्या तासात गोंधळ. बाहेरचं खाल्लं की स्पर्धेतून बाद, असा नियम. सगळ्यांना ओढ्यावर बोलावलं. एक दाढीवाला स्पर्धक ओरडला, "मॅडमच्या वडिलांनीच खायला घातलं? मग जिंकणार कोण, ते ठरलेलंच म्हणा!" वैशालीचा चेहरा उतरला. नसरीन गुपचूप आपली पिशवी भरायला लागली.

मी पुढे झालो. "तिने विचारलं होतं, खेळातलं आहे का म्हणून. मी सांगितलं नाही. घरी पाठवायचं तर मला पाठव."

वैशाली म्हणाली, "कॅमेरा चालू करा. बाबा, हेच परत बोला."

बोललो. मग तिने बाकीच्या पाचांना विचारलं, "आता तुम्हीच सांगा, काय करायचं?"

दाढीवाला म्हणाला, "आम्हालाही द्या, फिटलं." बाकीच्यांनी माना डोलावल्या.

नसरीनने ओढणीच्या गाठीतून उरलेली अर्धी काढून पुढे धरली. माझ्याजवळ दोन होत्या. मावशींनी तोडून पाचही जणांना अर्धी अर्धी वाटली.

"माझीच का बारीक?" दाढीवाला.

"तू लय बोलतुयास म्हनून!"

नसरीनसुद्धा हसली. केवढं हायसं वाटलं म्हणून सांगू!

मग मावशींनी मला बाजूला घेतलं. "आबा, पोटाला द्यायचं चुकलं न्हाई. पन इचारून द्यायचं व्हतं."

त्याच दुपारी वैशालीने मला गाडीत बसवून लोणावळ्याला धाडलं. "बाबा, पुढचं घरूनच बघा," म्हणाली, पण मफलर तिनेच गुंडाळला. स्टेशनाबाहेर चिक्की घेतली, चार दुकानांत भाव विचारून.

घरी हिचा पहिला प्रश्न, "दशम्या पुरल्या का?"

"पुरल्या," म्हणालो.

शेवटपर्यंत कोण टिकलं, ते टीव्हीवर येईपर्यंत वैशाली मलाही सांगत नाही. मावशी मात्र तिथेच होत्या. तुमच्यापैकी कुणी तिकोण्याला गेलंत तर पेठेत त्यांचं घर विचारा, आणि नसरीनचं काय झालं ते मला लगेच कळवा. कळवाच हो, वाट बघतोय.