दुकानांपुढचा उतारा

ती घटना अजून आठवते, कारण तिच्यात ना चोरी होती ना मारामारी. नव्वदच्या दशकात मी बारामतीला फौजदार होतो. जळोचीच्या बाजूला एक दुमजली व्यापारी संकुल होतं. नवं होतं तेव्हा पार इंदापूरकडचे लोक लग्नाचा बस्ता बांधायला तिथं येत. पुढे स्टँडजवळ दुसरी इमारत उठली आणि इथली गिऱ्हाइकी आटली.

त्यातच दर अमावास्येनंतर सकाळी दुकानांपुढे हळद-कुंकू लावलेली लिंबं दिसू लागली. घाबरून काहींनी गाळे सोडले. उरलेले दुकानदार एक दिवस ठाण्यात आले. वरच्या मजल्यावर ब्लाउज शिवणारी बाईच करणी करते, असं त्यांचं म्हणणं. पुरावा काय, तर ती लिंबं बेधडक उचलून फेकते. त्यांच्यातले सर्वांत वडीलधारे, कापड दुकानवाले आबा, काही बोलले नाहीत. बाईला हुसकावून लावायचं बाकीच्यांनी ठरवलंच होतं, आणि तिचं घर त्या गाळ्यावर चालत होतं.

बाई शेळगावच्या बौद्ध कुटुंबातली. मी विचारल्यावर म्हणाली, "आमी हे मानत न्हाय, साहेब. लिंबाला काय भ्यायचं?"

पुढच्या अमावास्येनंतर मी पंचनाम्याला गेलो. प्रत्येकाला सांगितलं, आपल्या दारातला उतारा उचलून पिशवीत टाका. एरवी ऐटीत बोलणारे व्यापारी मागे सरले. माझा हवालदारसुद्धा हात पाठीमागे बांधून उभा. मला रागही आला आणि हसूही. फक्त आबांनी वाकून लिंबू उचललं. त्यांच्याच चौकटीला शनिवारची लिंबू-मिरची टांगलेली होती. असा माणूस परक्याच्या उताऱ्याला हात लावत नाही.

आबांना ठाण्यात बोलावून चहा दिला आणि एवढंच विचारलं, भीती कशी वाटली नाही? त्यांनी कप खाली ठेवला.

"ह्या सगळ्यांना गावाकडनं मीच हितं आणलं," ते म्हणाले. "आता नव्या इमारतीत गाळा घेतलाय. मी आधी उठलो तर त्यांना काय तोंड दावणार? भिऊन समदीच उठली, तर मला कोण बोलणार?"

नोंद अदखलपात्र झाली. आबांना मी सर्वांसमक्ष बाईपुढे उभं केलं. त्यांनी कबुली देऊन हात जोडले. बाईने मशीन थांबवली.

"लिंबं ठेवली त्याचं काय न्हाय, आबा. ह्यांनी माझं नाव घेतलं तवा गप का बसला?"

वर्षभरात सगळेच नव्या इमारतीत गेले. बाई तिथंच शिवत राहिली. त्यानंतर ठाण्यात घोळका तक्रार घेऊन आला, की बोलणाऱ्यांचं ऐकता ऐकता मी गप्प बसलेल्याकडे बघत असे.