वादळ कुणाच्या नावावर

एल तामारिंदोमध्ये गुपित टिकत नाही. कुणाच्या नवऱ्याने नवा शर्ट घेतला आणि तो नेमका कुणाला दाखवायला, हे चुलीवरचा भात उतरायच्या आत शेवटच्या घरापर्यंत पोचतं. अशा वस्तीने एक गुपित तब्बल दीड वर्ष पोटात ठेवलं, हे जवळच्या सान पेद्रो शहरात सांगितलं तर लोक हसतील. पण ठेवलं खरं. आणि ते वस्तीच्या पोटातून बाहेर काढताना तावो सेवेरिनोला जी दमछाक झाली, तेवढी उभ्या आयुष्यात पोरांना पळवताना झाली नसेल.

तावो म्हणजे आमच्या वस्तीचा बेसबॉलचा मास्तर. वय त्रेसष्ट, पोट पुढे, गळ्यात शिट्टी. शिट्टीतला दाणा केव्हाच हरवलेला, त्यामुळे ती वाजत नाही. तो दोन बोटं तोंडात घालून शीळ घालतो आणि शिट्टी शोभेला ठेवतो. तरुणपणी आपण तीन वर्षं अमेरिकेत खेळलो असं तो सांगतो. न्हावी चिची सांगतो की अकरा आठवडे, आणि त्यातले चार सर्दीत गेले. खरं काय ते तावोला आणि त्या सर्दीला ठाऊक.

त्याचं मैदान म्हणजे साखर कारखान्याच्या जुन्या बैलगाड्यांचा तळ. तिन्ही बाजूंना ऊस. चेंडू उसात गेला की सामना थांबतो आणि दोन्हीकडचे सगळे मिळून शोधायला लागतात, कारण दुसरा चेंडू नसतो. इथे पोरगं दहा वर्षांचं झालं की तावोकडे येतं, आणि पहिलं वर्षभर त्याला खरा चेंडू शिवायला मिळत नाही. पाण्याच्या मोठ्या बाटलीचं प्लास्टिकचं झाकण आणि केरसुणीचा दांडा, एवढंच. झाकण हवेत कसं वळेल ते झाकणालाही माहीत नसतं. "ज्याला झाकण दिसलं त्याला चेंडू कलिंगडाएवढा दिसतो," असं तावो म्हणतो. मग बादलीभर तांदळात मूठ खुपसून दोनशे वेळा उघडमीट, मनगटासाठी. पोरांच्या आया आधी त्या तांदळावरून भांडल्या. मग तावोने तेच तांदूळ सहा वर्षं चालवून दाखवले, तेव्हा गप्प झाल्या.

सगळ्यांचं लक्ष सोळाव्या वर्षावर. सोळा झाले की अमेरिकेतल्या संघांचे स्काउट, म्हणजे खेळाडू हेरणारे, येतात, वेग मोजायचं यंत्र रोखतात, आणि पोरगं आवडलं तर सही करून आपल्या इथल्याच अकादमीत नेतात. सोळाचा पोरगा म्हणजे हिरवा आंबा, अजून गोड होईल अशी आशा. एकोणिसाचा म्हणजे जो काही आहे तो हा. चेंडू तेवढाच जोरात जातो, पण स्काउट वही मिटतो.

सोइलाबाईच्या थोरल्याचं, लार्गोचं, घोडं तिथेच अडलं. लार्गो म्हणजे लांबुळका. वस्तीत खरी नावं कुणी वापरत नाही, ती फक्त कचेरीपुरती. त्याचं कचेरीतलं नाव अमाउरी. हे नाव तावोनेच ठेवलेलं, बाप्तिस्म्याला पोराला मांडीवर घेऊन, कारण तो लार्गोचा धर्मपिता, पाद्रिनो. पोरगं जन्मलं ते मोठ्या चक्रीवादळाच्या दिवशी, भर दुपारी, जेवणाच्या टेबलाखाली. वर पत्रे उडत होते आणि सुईण म्हणत होती, "बाई, हा बाहेर आल्यावर आत ठेवायला घर राहील की नाही कुणास ठाऊक."

लार्गो हळू पिकला. एकोणिसाव्या वर्षी त्याची बॅट बोलायला लागली. दाढीचा केस नाही, चेहरा पाळण्यातला. त्याच्या पाठीवर तीन वर्षांनी झालेला काको, कागदावरचा फ्रांदी, तेव्हा सोळाचा होता. डोकं मोठं, अंग बटाट्यासारखं. मैदानावर त्याचं काम सांडलेली झाकणं गोळा करायचं.

तावोने दोघांचे जन्माचे कागद समोर ठेवले आणि अदलाबदल केली. लार्गो झाला फ्रांदी, सोळाचा. काको झाला अमाउरी, एकोणिसाचा. "कोमाद्रे," तो आपल्या धर्मपुत्राच्या आईला, सोइलाबाईला, म्हणाला, "कागदच आहे. पोरं तीच, आई तीच. मोठा तिकडे पोचला की धाकट्यालाही वर ओढेल."

सही व्हायच्या आधी संघाचा एक माणूस चौकशीला आला. करडा शर्ट, काखेत फाइल, घरोघरी जाऊन विचारणार. काकोला आठवडाभर ला रोमानाला मावशीकडे धाडलं. आणि वस्तीने काय काम केलं म्हणून सांगू. चिचीने वस्तरा थांबवून सांगितलं, "लार्गो? तो धाकटा. माझ्या हातून त्याचं जावळ निघालंय." भजीवाली मेर्सेदितास त्याच्याही पुढे गेली. तिने चक्रीवादळच खऱ्या धाकट्याच्या नावावर चढवलं. "टेबलाखाली जन्मला तो काको. म्हणून तर त्याचं डोकं तसं झालं, टेबल आपटलं."

गृहस्थाने लिहून घेतलं. शेवटी त्याने सोइलाबाईला विचारलं, वादळात झालेला मुलगा कोणता. ती एप्रनला हात पुसत म्हणाली, "काको." त्या दिवसापासून तिने दोघांचेही वाढदिवस करायचं सोडलं. वादळाच्या तारखेला केक कुणापुढे ठेवायचा, हे तिला सुचेना.

लार्गोची सही झाली, तो अकादमीत गेला. घराला पत्र्याऐवजी स्लॅबचं छप्पर आलं. काकोची शाळा सुटली, कारण एकोणीस वर्षांचा मुलगा आठवीत बसवायचा कसा, असं शाळेच्या बाईंनी विचारलं. मग तो दिवसभर मैदानावरच असायचा, झाकणं फेकत.

आणि एका वर्षात त्या बटाट्याला कोंब फुटला. वीतभर उंच झाला, खांदे रुंदावले. एक दिवस चेंडू टाकणारा पिचर आजारी होता म्हणून तावोने वैतागून त्याला उभं केलं. पहिला चेंडू मागे झेलणाऱ्या कॅचरच्या ग्लोव्हमध्ये असा वाजला की उसातली पाखरं उठली. दुसरा येता येता शेवटच्या हातभर अंतरात खाली बसला, जसं झाकण बसतं तसं.

"हे कुणी शिकवलं रे?" तावोने विचारलं.

"तुम्हीच की, मास्तर. मी झाकण समजून टाकला."

तावो त्या दिवशी घरी जाऊन जेवला नाही. असा हात त्याच्या मैदानावर तीस वर्षांत आला नव्हता.

सहा महिने त्याने काकोला घडवलं. पाय कुठे पडावा, चेंडू सुटल्यावर हात कुठे जावा, मार बसला तर चेहरा कसा ठेवावा. मग राजधानीहून एक स्काउट आला. यंत्रावर ताशी चौऱ्याण्णव मैल दिसले तेव्हा त्याने यंत्र झटकून पुन्हा रोखलं. पंच्याण्णव. त्याने वही काढली.

"नाव?"

काकोने तावोकडे पाहिलं. "अमाउरी."

"वय?"

"साडेवीस."

स्काउटने वही मिटली. चांगला माणूस होता, वाईट वाटून म्हणाला, "तावो, तीन वर्षांपूर्वी का नाही दाखवलास?" आणि गाडीत बसला. धूळ खाली बसेपर्यंत काको हातातल्या चेंडूची शिवण चाचपत उभा होता. साडेसतरा वर्षांचं पोर.

आता वस्तीत सल्ल्यांना तोटा नाही. चिची म्हणाला, "ला रोमानाच्या मावशीचा एक पोरगा तापाने गेला. त्याचे कागद पडूनच आहेत."

"मेलेल्याचं नाव जिवंतावर घालू?"

"जिवंताचं घातलंसच की. मेलेला निदान परत मागणार नाही."

तावो उठून गेला. त्याच्याकडे दोनच वाटा होत्या. गप्प बसलं तर लार्गो उन्हाळ्यात अमेरिकेला जाईल आणि काको आयुष्यभर झाकणं फेकेल. खरं बोललं तर काकोला त्याचं वय परत मिळेल. पण लार्गोची अकादमी जाईल आणि तावोच्या मैदानावर पुन्हा एकही स्काउट पाऊल टाकणार नाही. आपण सरळ कचेरीतच निघालो होतो, अशी बढाई तो पुढे मारू लागला. खोटं. दोन आठवडे तो बोटं तोंडात घालायचा आणि शीळ वाजायची नाही.

सुटका केली लार्गोने. रविवारी तो सुट्टीवर आला, नवे बूट, नवी टोपी, गाल थोडे भरलेले. मैदानावर पोरांनी आग्रह केला म्हणून काकोच्या समोर बॅट घेऊन उभा राहिला. तीन चेंडू, तीन हुकले. पुन्हा तीन, पुन्हा तीनही. सातव्याला त्याने बॅट खाली ठेवली आणि ऊस चघळत बसलेल्या तावोशेजारी येऊन बसला.

"पाद्रिनो, मी अकादमीत सगळ्यात मागे आहे. उन्हाळ्यात नेणार म्हणतात, पण त्यांच्या डोळ्यांत मला दिसतं. माझ्याहून लहान पोरं माझ्याहून चांगली. खरीच लहान."

"म्हणून काय झालं? टिकून राहा."

"राहिलो असतो. पण तिथे रोज सकाळी 'फ्रांदी' म्हणून हजेरी घेतात, आणि मला वाटतं आता हा आत येईल आणि म्हणेल, दादा, माझी जागा सोड." त्याने बुटातली माती झटकली. "नाव तुम्ही ठेवलंत. तुम्हीच परत द्या."

तावोने चघळलेलं चिपाड थुंकलं.

दुसऱ्या दिवशी धर्मपिता आणि धर्मपुत्र स्वच्छ शर्ट घालून राजधानीत लार्गोच्या संघाच्या कचेरीत गेले आणि तावोने सगळं सांगितलं. तिथला साहेब म्हणाला, बरं, पण तुमच्या बोलण्यावर आता कसा विश्वास ठेवायचा; वस्तीत चौकशी होईल. आणि तोच करडा शर्ट पुन्हा आला.

इथे खरी गंमत. तावो आदल्या संध्याकाळी घरोघर फिरला होता. "उद्या खरं सांगा," म्हणून हात जोडले होते. पण एल तामारिंदोची माणसं एकदा दिलेला शब्द मोडत नाहीत, विशेषतः खोटा असेल तर. चिची गिऱ्हाइकाच्या गळ्यावर साबण फासत म्हणाला, "लार्गो धाकटा. मी तेव्हा हेच सांगितलं, आजही तेच."

"अरे, मीच सांगतोय ना तो मोठा आहे," तावो दारातून ओरडला.

"तू भेदरलायस, तावो. साहेब, याचं ऐकू नका, याला सर्दीचा त्रास आहे."

मेर्सेदितास भजी तळता तळता म्हणाली, "टेबल आपटलं होतं साहेब, मी स्वतः पाहिलं." वास्तविक त्या वादळात ती माहेरी होती. गृहस्थ फाइल बंद करून कपाळ पुसायला लागला. तावो वस्तीच्या मधोमध उभा, आणि त्याच्या भल्यासाठी सगळी वस्ती त्याला खोटं पाडत होती. दीड वर्षापूर्वी त्यानेच शिकवलेला धडा. एकही विद्यार्थी एक अक्षर विसरला नव्हता.

मग सोइलाबाई घरातून बाहेर आली. दोन्ही पोरं ओट्यावर बसली होती. ती लार्गोच्या मागे जाऊन उभी राहिली आणि दोन्ही हात त्याच्या डोक्यावर ठेवले.

"वादळातला हा. मागच्या वेळी मी खोटं बोलले. वय तपासायला हाडांचे फोटो काढायचे ते काढा, पण मी आता पुन्हा बदलणार नाही."

चिचीने गिऱ्हाइकाच्या गळ्यावरचा साबण तसाच वाळू दिला. गृहस्थाने लिहिलं, खाली रेघ मारली. हाडांचे फोटोही निघाले, आणि सोइलाबाईशी त्यांचं जमलं.

निकाल लागायला तीन महिने लागले. लार्गोला अकादमीतून काढलं. काकोचे कागद सुधारले. पण तावोचं नाव जोडलेला मुलगा पाहायला कुणी तयार होईना. तेव्हा तावोने आयुष्यातलं सगळ्यात कडू काम केलं. शेजारच्या गावचा किरिको, ज्याला तो वीस वर्षं 'कोंबड्यांचा मास्तर' म्हणत आला, त्याच्या दारात जाऊन म्हणाला, "हा मुलगा तू घे. तुझा म्हणून दाखव."

"आणि तुझं काय?"

"मी त्याला ओळखत नाही. त्याचं मनगट कुणी घडवलं असं उद्या कुणी विचारलं तर तुझ्या कोंबड्यांचं नाव सांग."

किरिको खवचट खरा, पण त्या दिवशी त्याने तावोला बसायला खुर्ची दिली.

सप्टेंबरात वादळाची तारीख आली. सोइलाबाईने दोन वर्षांनी केक केला, वर अननसाचा मुरंबा. तावो शिट्टी पुसून आला होता. लार्गो आता मैदानावर दहा वर्षांच्या पोरांना झाकणं टाकतो. त्याचा हात बरा आहे, आवाज अजून मऊ. काको किरिकोच्या संघाची टोपी घालून बसने आला.

"काय म्हणतो तुझा नवा मास्तर?" तावोने जमेल तितक्या बेफिकिरीने विचारलं.

"चांगले आहेत. जानेवारीत दोन स्काउट येणार आहेत. फक्त झाकणं फेकू देत नाहीत. म्हणतात, पोरखेळ आहे."

"हं," तावो म्हणाला. एवढा आनंद त्याला कित्येक महिन्यांत झाला नव्हता. त्याने खिशात हात घातला आणि मूठभर झाकणं टेबलावर ओतली. "रविवारी इकडे येत जा. त्याला सांगू नकोस."

"पुन्हा लपवाछपवी सुरू केलीस?" चिची म्हणाला.

मेणबत्त्या लागल्या, एकवीस. सोइलाबाई दारात जाऊन गल्लीत झाकणं खेळायला गेलेल्या दोघा भावांना बोलवायला लागली, आणि कधी नाही ते तिने कचेरीतलं नाव घेतलं.

"अमाउरी, ये रे, विझायच्या आत ये."

केरसुणीचा दांडा हातात धरून उभ्या लार्गोने मान वळवली नाही. वळवली ती काकोने. त्याला दीड वर्ष घोटून घोटून तसं शिकवलेलं होतं. तो दोन पावलं पुढे आला, मग थबकला, आणि त्याचे कान लाल झाले.

कुणी हसलं नाही. चिचीसुद्धा नाही. तावो उठून बाहेर आला, लार्गोच्या हातातून दांडा काढून घेतला आणि त्याला दाराकडे ढकललं.

"जा. तुलाच बोलावतेय ती."

मग तो दांडा घेऊन स्वतःच गल्लीत उभा राहिला, पोट आत घेऊन, आणि काकोला म्हणाला, "टाक एक." काकोने झाकण टाकलं. तावोचा फटका पार हुकला, आणि तो पुढे वर्षभर सांगत राहिला की उन्हामुळे.