माझ्या जावेने जंतूंशी जुळवून घेतलं

माझ्या धाकट्या जावेने तीस वर्षं दवाखान्यातल्या फरश्या पुसल्या. जंतूंशी तिचं उभं वैर. निवृत्त झाली, तशी घरामागे शेड बांधून टोमॅटोची रोपं करून विकू लागली. रिकामं बसणं तिच्या रक्तातच नाही.

पण पहिल्या दोन्ही खेपा वाया गेल्या. रोपं बोटभर झाली, की बुंध्याशी काळी पडून माना टाकायची. "तिसरी गेली तर शेड मोडते," असं हसत म्हणाली खरी, पण त्या हसण्यात जीव नव्हता.

तिची सून मातीच्या प्रयोगशाळेत कामाला. तिने एक पुडी आणली. "आई, यात चांगले जिवाणू आहेत. बियाण्याला चोळा, सावलीत सुकवा. ते मुळांभोवती बिऱ्हाड करतात, रोप मारणाऱ्या बुरशीला थारा देत नाहीत. वाढही जोमदार होते."

"म्हणजे जंतू विकत आणून पेरायचे? तीस वर्षं मी काय झक मारली?"

बडबडत का होईना, चोळले तिने. पंधरा दिवसांनी बघतो तर पुन्हा माना खाली! जाऊ पक्कड घेऊन शेडच्या तारा सोडायला लागली. मला बघवेना.

सुनेने तिचा हात धरला. "थांबा हो! बियाणं चोळलं कशात?"

"घमेल्यात. चांगलं फिनेलने घासून घेतलं होतं. ट्रेसुद्धा! घाणीत पेरू की काय?"

सून मटकन खालीच बसली. "आई, पाहुणे बोलावलेत आणि दारातच विष पाजलंत!"

मला हसू आवरेना. जाऊ आधी रागावली, मग तीही हसली, इतकी की डोळे पुसावे लागले.

चौथ्या खेपेला पुडी तीच, पण भांडी नवी, पाणी साधं. रोज सकाळी ती ट्रेपाशी जाऊन बसायची, हात पाठीमागे बांधून. हात मोकळे असले की काहीतरी धुवायला धावतात म्हणे.

रोपं ताठ उभी राहिली. मुळं पांढरीशुभ्र, दाट.

परवा एक माळी रोपं न्यायला आला. माझी जाऊ त्याला दम देत होती, "लावल्या लावल्या बुंध्याशी कसलं औषध ओतशील तर खबरदार! आमची लेकरं आहेत त्या मुळांशी."

माळी माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, "हो म्हणा आणि न्या."

जाऊ आता शेड दोन हात वाढवायची म्हणते.