वेशीच्या आत

पनवेलच्या जनावरांच्या दवाखान्यात माझी नेमणूक झाली तेव्हा वाटलं होतं, आपलं काम जनावरांशी. कसलं काय! जनावर दुखलं तर लाथ मारतं आणि मोकळं होतं. माझा जीव काढला तो माणसांनी. हाताखाली दोघं होते. एक तरुण स्टॉकमन, गुरं धरायला-टोचायला मदत करणारा, तोंडाने तिखट. दुसरा मलमपट्टी-टोचणी करणारा उतारवयाचा ड्रेसर, माझ्याआधी कितीतरी डॉक्टर येऊन गेलेले पाहिलेला. स्टॉकमन मला 'साहेब' म्हणे. ड्रेसर 'डॉक्टर' म्हणे, तेही घरच्यासारखं रागावून, "डॉक्टर, आधी दोन घास खाऊन घ्या." दमून आलं की ते बोलणं ऐकायला बरं वाटे.

एका उन्हाळ्यात नेऱ्याकडच्या गावांत बुळकांडी शिरली. गुरांना जुलाब लागत, डोळे गळत, आणि बघता बघता गोठा रिकामा होई. बंदरावरच्या मासळीवाल्याकडून बर्फ घ्यायचा, भुशात घालून त्यात लस ठेवायची आणि उन्हातून गावं पालथी घालायची. रोज तेच. अंगाला मासळीचा वास, पाय भरून आलेले.

असंच एका गावाशी पोचलो तर वाटेत आडवी दोरी, तिला आंब्याचे डहाळे बांधलेले. पलीकडे गावकीची माणसं उभी.

"वेस बांधली हाय, डाक्टर," म्हातारा पंच म्हणाला. "कोनी आत नाय, कोनी भायेर नाय."

रोग आला की देवीला गाऱ्हाणं घालून गाव असं बंद करत. स्टॉकमन लगेच तापला, "साहेब, पोलीस आणू." मला मात्र हसू आलं. गुरं हलवू नका म्हणून गावोगाव मी घसा कोरडा करत होतो, आणि इथे न सांगता ते झालं होतं.

"वेस बांधलीत ते बेस केलंत," मी म्हणालो. "पण आमचा एक माणूस आत घ्या."

पंचाने बाकीच्यांकडे पाहिलं. "येल त येऊ द्या. पन वेस सुटंपरयंत त्याला हितंच रवावा लागंल."

मी स्वतः गेलो असतो तर सुटलो असतो. पण पुढची गावं खोळंबली होती, आणि ती माझ्याशिवाय होणारी नव्हती. स्टॉकमनला पाठवलं असतं तर तासाभरात भांडण झालं असतं. उरला ड्रेसर. त्याची बायको तापाने अंथरुणाला खिळली होती. सकाळीच त्याने मला ते सांगितलं होतं. सगळे माझ्याकडे बघत होते आणि बर्फ वितळत होता.

"तुम्ही जा," मी त्याला म्हणालो.

तो लसीची पेटी उचलून दोरीखालून वाकून आत गेला.

रोज संध्याकाळी मी औषध घेऊन त्याच्या घरी जाई. एकदा त्याच्या बायकोने विचारलं, "तुम्ही का नाही गेलात आत?" मी कारणं सांगितली. तिने भिंतीकडे तोंड फिरवलं.

वेस सुटली तोवर तिचा ताप उतरला होता. गावातली बहुतेक गुरंही वाचली. आजही मी तोच हुकूम देईन, पण वेस सुटली त्या दिवशी मला ड्रेसरसमोर जायची भीती वाटत होती. डबा घेऊन मी वेशीबाहेर थांबलो होतो. तो आला, दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले.

"आधी दोन घास खाऊन घ्या," मी म्हणालो.

त्याने पेटी माझ्या पायाशी ठेवली.

"घरी जाऊ का, साहेब?"