राखणदार गोरा कसा झाला

माझ्या मुलीच्या चित्रकथेचा नायक मी गोरा करवला. घरात हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. पण मला ते का सुचलं हे मी एकदाच सांगितलं, तिला, तेही म्हापशाच्या बाजारात, मिरच्यांच्या ढिगाशेजारी बसून. म्हणून आता लिहूनच टाकतो.

ती पणजीला चित्रकला शिकते. तिची गोष्ट पोर्तुगीज अमलातली. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेला एक काळा माणूस मालकाकडून पळतो आणि तेरेखोलच्या नदीकाठी रानात राहतो. अंगावर घोंगडी, डोळ्यांवर भोकं पाडलेली पट्टी, हातात दांडा. जकातीवरचा गोरा अंमलदार लोकांना नाडायला लागला की हा कुठूनसा उगवतो आणि त्याला बडवून काढतो. गावचे लोक त्याला राखणदार म्हणतात, आमच्याकडे वेशीवरच्या देवचाराला म्हणतात तसं.

कच्ची पानं मी दोनदा उलटून बघितली. नाक माझं होतं. ओठ माझे, कपाळावरच्या आठ्यासुद्धा माझ्याच.

"बाबा, ओळखलात?" तिने विचारलं.

"कोणाक?"

"बरां, नाय तर नाय."

माझा रंग पक्का आहे. लग्न जमवायला काढलेला फोटो स्टुडिओवाल्याने न सांगताच साफ, म्हणजे उजळ, करून दिला होता. तशी रीतच आहे आमच्याकडे, स्थळाचा फोटो कोणी जसाच्या तसा देत नाही. मग मुलगी बघायला गेलो, तेव्हा होणाऱ्या सासऱ्यांनी बरोबरच्या गोऱ्या मित्राला नवरा समजून खुर्चीवर बसवलं आणि मला दारातच विचारलं, "ड्रायव्हर, तू चाय घेतलंस मां?" मी चहा घेतला. बायको हे अजून पाहुण्यांना हसून सांगते, आणि तिच्याबरोबर मीही हसतो. नंतर मात्र उठून कप विसळायला जातो.

तर छापायची पानं म्हापशाच्या छापखान्यात पोचवायचं काम माझ्याकडे आलं. तिथे मुख्यतः लग्नपत्रिका आणि लग्नाचे आल्बम होतात. छापखानेवाल्याला पेनड्राइव्ह देऊन मी निघालो, जिना उतरलो, परत चढलो.

"त्या राखणदाराचो चेहरो वायच साफ करा."

"साफ म्हणजे, नवऱ्यासारखो?"

"वायच."

"काय काळजी करू नकात. रोजचा काम आमचा."

मुलीला मी काही बोललो नाही. थोडासाच फरक होईल, तिला कळणारही नाही, अशी मनाची समजूत घातली.

शुक्रवारी बाजारात आमच्या मेहुणीच्या मिरच्यांच्या शेजारी आम्ही टेबल लावलं. छापखान्यातून आलेलं बंडल मुलीने तिथेच सोडलं. पहिलं पान उघडलं, दुसरं उघडलं, आणि ती उभीच राहिली. राखणदार बोहल्यावरून पळून आल्यासारखा दिसत होता. तुळतुळीत, गोरापान, ओठांवर हसू. आणि मारामारीच्या पानावर तर दोन गोरे एकमेकांना बडवत होते. एक अंमलदार ओरडत होता, 'पकडा त्या काळ्याला', आणि पानभर एकही काळा नव्हता.

मेहुणीने वाकून पाहिलं. "नवरो बरो आसा गो. खंयचो?"

मुलीने फोन काढला आणि छापखान्याचा नंबर लावला. माझ्यासाठी हे सोपं होतं. चूक छापखान्याची ठरली असती, छापखानेवाल्याने काही सांगितलं तरी मी नाही म्हटलं असतं आणि माझ्यावर विश्वास बसला असता. पण फोन धरलेल्या त्या हाताने इतके महिने रात्रंदिवस चित्रं काढली होती. मी फोनवर हात ठेवला.

"त्याका काय बोलू नको. मीच सांगितलंय."

"कित्याक?"

मग सांगितलं. खुर्ची, ड्रायव्हर, चहा, सगळं. मेहुणी मिरच्या तोलायची थांबली. सांगून झालं तरी मुलगी माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता ही उठून जाणार. तिने झोळीतून शाईची बाटली काढली, ब्रश काढला आणि नारळाच्या करवंटीत पाणी ओतलं.

"बसा."

"आता?"

"आताच. शाई पातळ करा. डोळे सांभाळा. तुमचे तुमी काळे करा."

मी बसलो. पहिले दोन राखणदार बिघडले, एक तर राख फासल्यासारखा दिसू लागला. तिसऱ्यापासून हात बसला. बाजारात पन्नाशीचा माणूस पुस्तकातली तोंडं रंगवतोय म्हटल्यावर लोक जमणारच. मला आतून असल्या गुदगुल्या होऊ लागल्या की ब्रश धरवेना. मी आयुष्यात कधी चार लोकांसमोर शिंकलोही नव्हतो, आणि इथे नाकाला काळी शाई लागलेली असताना म्हणत होतो, "रांगेन या, रांगेन."

डिचोलीचे एक गृहस्थ मान तिरकी करून म्हणाले, "हो कोण, संकासूर?" दशावतारात काळ्या बुरख्यातला तो राक्षस येतो, त्यावरून.

"न्हय," मुलगी म्हणाली, "हे माझे बाबा."

त्यांनी चित्राकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि दोन प्रती घेतल्या. मेहुणी मिरच्यांच्या गिऱ्हाइकांना सांगू लागली, "घेवा घेवा, ह्यो माझो भावोजी, पोर्तुगिजांक मारता." मिरच्या आणि राखणदार एकाच पिशवीतून जात होते.

उरलेल्या प्रती घेऊन आम्ही पेडण्याच्या बसमध्ये बसलो. मुलगी अजून माझ्याशी पुरतं बोलत नव्हती, खिडकीकडे तोंड करून होती. मी मांडीवर प्रत उघडून रंगवत राहिलो. वळणावर बसने असा गचका दिला की ब्रश घसरला आणि राखणदाराला ह्या कानापासून त्या कानापर्यंत मिशी फुटली. मी प्रत लपवणार, एवढ्यात तिने पाहिलं. आधी नाकातून फुर्र झालं, मग ती अशी हसली की कंडक्टर तिकिटं सोडून मागे आला.

"काय झाला गो?"

तिला बोलता येईना. तिने मिशीवाला राखणदार त्याच्यापुढे धरला आणि माझ्याकडे बोट केलं.