प्रवेश मिळाला, त्याचा सत्कार

अमेरिकेतल्या विद्यापीठाचा मेल आला तेव्हा मी लॅबमध्ये होते. सोलापुरातल्या एका खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात मी तासिका तत्त्वावर शिकवत होते, आणि पर्यावरण अभियांत्रिकीत मास्टर्स करायला बाहेर जायचं म्हणून अर्ज करत होते. पहिल्याच ओळीत अभिनंदन होतं. पुढचं न वाचताच मी अप्पांना, माझ्या वडिलांना, फोन लावला. अप्पा एसटीच्या आगारात क्लार्क. मागे गाड्यांची घरघर, त्यामुळे ते ओरडूनच विचारत होते, "मिळालं? मिळालं का गं?"

"मिळालं, अप्पा!"

संध्याकाळपर्यंत सगळ्या आगाराला आणि आमच्या वस्तीला कळलं होतं. विहाराच्या समितीने रविवारी माझा सत्कार ठरवला.

मेलचा खालचा भाग मी घरी येऊन वाचला. असिस्टंटशिपबद्दल, म्हणजे विभागात काम करून फी आणि खर्च भागवण्याबद्दल, विभाग स्वतंत्रपणे कळवेल, असं त्यात होतं. मला वाटलं, कळवतील. आपल्याकडे डिग्रीला प्रवेश झाला की जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला जोडायचा, मग फी माफ व्हायची; उशिरा का होईना, व्हायची. तिकडे प्रवेश एकजण ठरवतो आणि पैसे दुसराच कुणी, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी विभागाला विचारलं. लगेच उत्तर आलं, अगदी सभ्य. मास्टर्सच्या विद्यार्थ्यांनी खर्चाची सोय स्वतः करावी. सरकारी शिष्यवृत्तीच्या अटींत ते विद्यापीठ बसत नव्हतं, तेही मी तपासलं.

अप्पा जेवायला बसले होते. मी सांगितलं तसा त्यांचा हात ताटातच थांबला.

"म्हंजी, घेतलं न्हाय का तुला?"

"घेतलंय. पण सगळा खर्च आपला."

"तुझे मार्क दिसले न्हाईत का त्यांना?"

"दिसले म्हणून तर घेतलं."

"मग पैसे न्हाईत तर घेतलं कशाला?"

मी म्हणाले, सत्कार रद्द करू या. अप्पा म्हणाले, "आता कसं? निरोप गेल्यात समद्यांना. तुझी आत्या केमहून निघाली बी असंल."

रविवारी विहारात पांढऱ्या साड्या नेसलेल्या बायका पुढे बसल्या होत्या. मला शाल दिली, एक पुस्तक दिलं. समितीचे अध्यक्ष म्हणाले, आपली लेक परदेशाच्या खर्चानं शिकणार. मी अप्पांकडे पाहिलं. ते सतरंजीकडे बघत होते. मग माईक माझ्या हातात आला. मी काही बोलणार, तेवढ्यात पुढच्या एका बाईंनीच विचारलं. त्यांची मुलगी डिप्लोमा करत होती.

"ताई, तिकडं समदं फुकट असतंय का? आमच्या पोरीला बी सांगायचं हाय."

मी हो म्हटलं असतं, तर त्यांनी ते धरून मुलीचं पुढचं ठरवलं असतं. "नाही," मी माईकवर म्हणाले. "मला प्रवेश मिळालाय, पैसे मिळाले नाहीत. मी बहुतेक जाणार नाही." मागे कुणीतरी टाळ्या सुरू केल्या आणि मध्येच थांबवल्या. अध्यक्षांनी माईक घेतला, मार्ग निघेल म्हणाले, आणि चहा आला.

त्यानंतर बरेच दिवस अप्पा माझ्याशी कामापुरतंच बोलले. एकदा आईला कपाटात घराचे कागद सापडेनात. ते अप्पांनी बँकेत नेले होते, शैक्षणिक कर्जाला तारण लागतं म्हणून. आई एवढी चिडलेली मी कधी पाहिली नव्हती.

"पोरीला पाठवू नका म्हनत न्हाय मी," ती म्हणाली. "पर तिकडं नोकरी न्हाय लागली, तर धाकट्या लेकीला घिऊन आमी कुटं जायाचं?"

दोघांपैकी कुणाचंही चुकत नव्हतं, आणि म्हणूनच मला तिथे बसवेना. मी आत जाऊन लॅपटॉप उघडला आणि प्रवेश नाकारला.

अमेरिकेचे अर्ज भरले त्याच हिवाळ्यात मी गेटची परीक्षाही दिली होती. त्या गुणांवर दुसऱ्या शहरातल्या सरकारी संस्थेत एम.टेक.ला जागा मिळाली, विद्यावेतनासकट. ते विद्यावेतनही सुरुवातीला रखडलं. आई पाठवेल त्यावर माझी मेस चालली.

दिवाळीनंतर अप्पा मला भेटायला आले. मी त्यांना माझ्या गाईड सरांकडे नेलं. चहा झाल्यावर अप्पा एकदम म्हणाले, "सर, एक इचारू का? हिला तिकडं घेतलं, मग पैसे का दिले न्हाईत? हिच्यात काय कमी दिसलं त्यांना?"

सरांनी शांतपणे समजावलं. तिथे पैसे बहुधा प्राध्यापकाच्या संशोधन प्रकल्पातून येतात, आणि प्रकल्पाला बरीच वर्षं टिकणारा पीएचडीचा विद्यार्थी हवा असतो. मास्टर्सवाला काम शिकेपर्यंत निघून जातो. "मुलीत काही कमी नव्हतं," सर म्हणाले. अप्पा हात जोडून उठले.

बाहेर आल्यावर ते म्हणाले, "मला बी एकदा पास केलं हुतं. खात्याच्या परीक्षेत, वरच्या जागेसाठी. ऑर्डर निघालीच न्हाय. का, ते कुनी सांगितलं न्हाय. मला वाटलं, तुझं बी तसंच झालं."

हे मला माहीत नव्हतं. इतके दिवस मी समजत होते की त्यांना सत्काराची लाज सलतेय. काही मास्टर्सवाल्यांनाही तिथे असिस्टंटशिप मिळते, हे मला मधल्या काळात कळलं होतं. कुणाला मिळते आणि का, हे मात्र कुणीच धड सांगू शकलं नव्हतं. मी एवढंच म्हणाले, "तसं नाही, अप्पा."

"मग पुन्ना भर की अर्ज. पीएचडीचा."

ते अर्ज आता गेलेत. एका ठिकाणाहून नकार आलाय, बाकीच्यांचं काहीच कळलेलं नाही. अप्पा फोन करतात. जेवलीस का विचारतात, तुझ्याकडं ऊन किती हाय विचारतात, आणि अर्जांचं काही न विचारता फोन आईकडे देतात.